जुन्या इमारतीतले नवे घर : वाचकांचे प्रश्न, वास्तुरचनाकाराची उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत जुन्या सदनिकांच्या नूतनीकरणाविषयीची पत्रे बरीच आहेत. सांगली, मिरज आणि सातारा येथे १९६० व १९७०च्या दशकांत सहकारी गृहनिर्माण संस्थांनी ज्या साध्या, सरळ रेषांच्या काँक्रीटच्या इमारती उभारल्या, त्यांनी आता पन्नाशी गाठली किंवा ओलांडली आहे; मूळ सभासदांची मुले-नातवंडे तिथे नव्याने संसार मांडत आहेत आणि घर आपल्या सोयीचे करून घेऊ पाहत आहेत. पहिले पत्र परदेशातील एका घराविषयी असले, तरी त्यातला प्रश्न इथल्या घरांनाही लागू पडणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी आणि विस्ताराने देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये मार्सेलिसला असतात. तेथे ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराच्या प्रसिद्ध इमारतीत त्यांनी नूतनीकरण केलेली सदनिका विकत घेतली आहे. मी उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहून आले. घर नीटनेटके आहे, पण रुंदी जेमतेम बारा फूट, एका भागात छत इतके खाली की पंखा लावण्याचा विचारही करता येणार नाही, आणि गॅलरीतल्या भिंतीचा रंगसुद्धा मालकाला आपल्या मनाने बदलता येत नाही. एवढी रक्कम मोजून घेतलेल्या घरात एवढी बंधने का सोसायची, हे मला कळलेले नाही.
— एक वाचिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सावरकरांच्या १९१० सालच्या उडीमुळे मार्सेलिस हे बंदर मराठी घरांत ठाऊक आहे, वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना मात्र ते याच इमारतीमुळे आठवते. १९४३ साली जर्मन सैन्याने तेथील जुन्या बंदराकाठची वस्ती सुरुंग लावून पाडली होती, आणि युद्ध संपल्यावर साऱ्या फ्रान्समध्ये घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. पुनर्बांधणी मंत्री राउल दोत्री यांनी १९४५ मध्ये हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे सोपवले, १९४७ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९५२ मध्ये ते पूर्ण झाले. एका इमारतीत २३ प्रकारच्या ३३७ सदनिका, अठरा मजले, १३७ मीटर लांबी, २४ मीटर रुंदी. सगळा भार जाड खांबांवर पेललेला, मधल्या मजल्यांवर दुकाने, गच्चीवर बालवाडी आणि मुलांसाठी उथळ तलाव. पोलाद मिळेना म्हणून सांगाडा काँक्रीटचा झाला, आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे उमटलेले ते काँक्रीट गिलावा न करता तसेच उघडे ठेवण्यात आले. गावातल्या लोकांनी तेव्हा त्या इमारतीला ‘वेड्याचे घर’ म्हटले होते. तुमचा पहिला ग्रह तसाच झाला असेल तर त्यात नवल नाही.

आता तुम्हाला खटकलेल्या गोष्टी. बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंदी ही त्या घराची आखूड बाजू आहे. लांब बाजू पूर्वेच्या दर्शनी भागापासून पश्चिमेच्या दर्शनी भागापर्यंत इमारतीच्या आरपार जाते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या इमारतींत मधोमध बोळ असतो आणि त्याच्या दोन्ही हातांना एकाच बाजूने उजेड मिळणारी घरे असतात. येथे तीन मजल्यांमागे एकच बोळ आहे. त्या बोळातून एका घरात शिरून वर चढावे लागते, तर समोरच्या घरात शिरून खाली उतरावे लागते, आणि अशा रीतीने दोन्ही घरे एका मजल्यावर बोळाच्या वरून किंवा खालून पलीकडे पोचतात. म्हणून तुमच्या मुलीच्या घरात सकाळचे ऊन एका टोकाने आणि संध्याकाळचे दुसऱ्या टोकाने येते, आणि दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या की वारा घरभर फिरतो. उत्तरेकडची भिंत पूर्ण बंद आहे, कारण तिकडून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा येतो.

छताची २.२६ मीटर ही उंची, म्हणजे सुमारे साडेसात फूट, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या मापावरून ठरवलेली आहे. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात त्याहून कमी उंची मी कोणालाही सुचवणार नाही. परंतु तेथे हे ठेंगणे मजले एकावर एक ठेवून जी उंची वाचवली, तीच बैठकीच्या खोलीत ४.८० मीटरच्या दुमजली अवकाशात खर्च केलेली आहे. त्या उंच खिडकीतून येणारा उजेड घराच्या पोटात दूरवर पोचतो. अशा घरांच्या नूतनीकरणात सर्वांत मोठा मोह होतो तो या दुमजली जागेत मध्ये तक्तपोशी घालून एक खोली वाढवण्याचा, आणि सर्वांत मोठे नुकसानही त्यानेच होते, कारण दोन टोकांवरच्या उजेडावर जगणाऱ्या घरात एका टोकाचा उजेड निम्म्यावर येतो. तुमच्या मुलीच्या घरात ती जागा मोकळी असेल, तर आधीच्या मालकाने समंजसपणे काम केले असे खुशाल समजावे.

गॅलरीच्या भिंतींचे लाल, पिवळे, निळे, हिरवे रंग हा साऱ्या इमारतीच्या रूपाचा भाग आहे. इमारत फ्रान्समध्ये संरक्षित स्मारक आहे, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतील ल कॉर्बुझिए यांच्या ज्या १७ कामांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत ती आहे. त्याच यादीत आपल्या चंडीगडचा कॅपिटॉल परिसरही आहे. सदनिकेची मालकी आतल्या जागेची असते, दर्शनी भाग सर्वांचा असतो, आणि ३३७ मालकांनी ३३७ रंग दिले तर जे पाहून तुमच्या मुलीने ते घर घेतले तेच उरणार नाही. या बंधनांचे मोल तिने किमतीत मोजले आहे, आणि तिच्या शेजाऱ्यांवरही तीच बंधने असल्यामुळे त्याचा मोबदला तिला रोज मिळतो आहे.

आत मात्र बरेच काही नवे करता येते आणि करावेही लागते : नळ, वीजवाहिन्या, न्हाणीघर, गरम पाण्याची सोय. मूळ स्वयंपाकघर ल कॉर्बुझिए यांच्या सहकारी रचनाकार शार्लोत पेरियां यांनी आखले होते. रांधणारी बाई भिंतीआड एकटी पडू नये, तिला जेवणाऱ्यांशी बोलता यावे, म्हणून ते बैठकीकडे उघडणारे केले गेले. पुढच्या दशकांत कित्येक मालकांनी ते उखडून टाकले; आज त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेले आहे. तुमच्या मुलीला एवढेच सांगावे की मूळ जिना, कपाटे, मुलांच्या दोन खोल्यांमधली सरकती फळाभिंत यांपैकी काही शिल्लक असेल तर ते काढू नये, आणि नवे जे बसवायचे ते उद्या धक्का न लावता काढता येईल असे बसवावे. आणखी एक सूचना. ती घरे काँक्रीटच्या सांगाड्यात मांडणीत बाटल्या ठेवाव्यात तशी सुटी बसवलेली असून शेजारचा आवाज येऊ नये म्हणून त्यांच्याखाली शिशाच्या गाद्या दिलेल्या आहेत. नवी जड फरशी किंवा कपाट थेट सांगाड्याला कुठेही जखडले, तर ही व्यवस्था तेवढ्या जागी निकामी होते.

प्रश्न : आमची संस्था सांगलीत आहे. इमारत १९७०च्या दशकातली, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक घराला पश्चिमेकडे खोल गॅलरी, सिमेंटच्या जाळ्या, लोखंडी खिडक्या आणि मोझेकची फरशी. नव्या पिढीतील सभासद गॅलरी बंद करून खोली वाढवणे, स्वयंपाकघर व हॉल यांमधली भिंत काढणे आणि जुन्या फरशीवर नवी व्हिट्रिफाइड फरशी बसवणे अशी कामे करू इच्छितात. सचिव या नात्याने कोणत्या कामास मान्यता द्यावी आणि कोणत्या कामास देऊ नये, हे मला ठरवता येत नाही.
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, सांगली

उत्तर : आपण परवानगी देण्यापूर्वी विचारत आहात याबद्दल आपले मनापासून अभिनंदन करतो, कारण असे प्रश्न माझ्याकडे बहुधा भिंत पडल्यानंतर येतात.

गॅलरीपासून सुरुवात करू. सांगलीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेकडच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जासुद्धा पुरतो. पश्चिमेचे तसे नाही. तिकडे दुपारी तीननंतर ऊन तिरपे होऊन छज्ज्याच्या खालून आत शिरते, आणि ते अडवायला खोल गॅलरी व जाळी यांखेरीज दुसरा स्वस्त उपाय नाही. आपल्या इमारतीच्या रचनाकाराने पश्चिमेला गॅलरी दिली ती झोपाळा टांगण्यासाठी नव्हे. आतल्या भिंतीवर ऊन पडू नये यासाठी दिली. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण केलेली कांचनजंगा ही २८ मजली, ३२ सदनिकांची इमारत याच विचारावर उभी आहे : समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात, म्हणून राहत्या खोल्या आत घेतल्या आणि कोपऱ्यांवर दुमजली उंच गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्यांभोवतीचा व्हरांडा जे काम करी तेच काम उंचावर करवून घेतलेले आहे. आपल्या गॅलरीत काचेच्या सरकत्या खिडक्या लावल्या की ऊन काचेतून आत येईल, उष्णता तिथेच कोंडेल, मागच्या खोलीचा वारा तुटेल आणि वातानुकूलन यंत्र घेण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

याहून गंभीर बाब बांधकामाची आहे. गॅलरी पुढे झुकलेल्या स्लॅबची, म्हणजे कँटिलिव्हर असेल, तर तिच्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात. आपल्या घरातल्या इतर स्लॅबमध्ये त्या खालच्या अंगाला असतात, त्यामुळे कारागीर सवयीने समजतात की वरून थोडे खोदले तर काही बिघडत नाही. गॅलरीत नळाची किंवा वायरची खाच वरून मारली, तर नेमक्या भार पेलणाऱ्या सळ्या उघड्या पडतात किंवा कापल्या जातात. शिवाय कठड्यावर विटांची भिंत वाढवली की तो भार झुकलेल्या टोकावर येतो, आणि भार आधारापासून जितका दूर तितका त्याचा ताण अधिक. तेथे धुण्याची मोरी केली तर पाणी झिरपून सळ्या गंजतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : गॅलरी खोलीत घेण्यास संस्थेने मान्यता देऊ नये. बांबूचे पडदे, जाळीची दुरुस्ती, पावसाळ्यापुरती गुंडाळता येणारी ताडपत्री एवढे पुरेसे आहे. महापालिकेची परवानगी हा स्वतंत्र प्रश्न आहेच.

मधली भिंत काढण्याविषयी पत्रावरून निर्णय देता येणार नाही. त्या काळात आपल्या भागात दोन्ही पद्धतींची बांधकामे झाली. काही इमारतींत आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा आहे, तर काहींत नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेले आहेत. साडेचार इंची भिंत बहुधा केवळ पडदा असते आणि नऊ इंची भिंत बहुधा भार घेते, पण ‘बहुधा’ या शब्दावर तीन मजल्यांचा भार सोपवता येत नाही. भिंत वाजवून पाहून कोणी निर्वाळा देत असेल तर तो मानू नये. महापालिकेकडून मंजूर नकाशाची प्रत मिळवावी, वरच्या व खालच्या घरांत त्याच जागी भिंत आहे का ते पाहावे आणि संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. हॉल आणि स्वयंपाकघर यांत मोकळेपणा हवा ही अपेक्षा योग्यच आहे; भिंतीत ओट्याच्या उंचीवर योग्य लिंटेल देऊन खिडकीएवढे उघडे करूनही ती पुष्कळदा भागते.

फरशीचा हिशेब मात्र सोपा आहे. जुन्या फरशीवर चार सेंटिमीटर मसाला आणि त्यावर एक सेंटिमीटर जाडीची नवी फरशी घातली तर दर चौरस मीटरला सुमारे ११० किलो भार वाढतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत हा भार बाराशे किलोंच्या आसपास जातो. राहत्या खोलीचा स्लॅब माणसे, सामान वगैरेंसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून आखलेला असतो. म्हणजे त्या क्षमतेतील निम्म्याहून अधिक वाटा केवळ चकचकीत दिसण्यासाठी खर्ची पडतो, आणि एका घराचे पाहून सगळ्याच घरांनी तसेच केले तर त्याचा भार पायापर्यंत पोचतो. आपली मोझेकची फरशी मुळात उत्तम वस्तू आहे. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून केलेली ती फरशी कित्येक वेळा घासून नवी करता येते. सांधे भरून, यंत्राने घासून पॉलिश केल्यावर तिचे जे रूप दिसते ते पाहून पुष्कळ घरमालकांनी नव्या फरशीचा बेत सोडलेला मी पाहिला आहे. फरशी खरोखरच फुटकी असेल तर जुनी पूर्ण काढूनच नवी बसवावी.

लोखंडी खिडक्याही घाईने भंगारात देऊ नयेत. कडीच्या दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते, तर दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. गंज खरवडून, कुजलेला तळपट्टा बदलून, जस्ताचा प्रायमर लावून व नवी लांबी (पुट्टी) भरून त्या पुन्हा वापरात येतात.

या सर्व मागण्यांच्या आधी संस्थेने करण्याचे काम वेगळेच आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून मला काळजी वाटते. काँक्रीट ताजे असताना ते तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळीवर गंजरोधक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि तो गुण हळूहळू नाहीसा होतो. हा बदल सळीपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. त्या काळातल्या स्लॅबमध्ये सळीवरचे काँक्रीटचे आवरण पुष्कळदा बारा-पंधरा मिलिमीटरच असे, त्यामुळे पन्नाशीच्या इमारतीत ही प्रक्रिया बऱ्याच जागी सळीपर्यंत पोचलेली असते. नव्याने फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले तर निरोगी भाग गुलाबी होतो आणि बिघडलेला भाग रंगहीन राहतो. ही तपासणी स्वस्त आणि अर्ध्या तासाची आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हावयास हवे. ते झाले नसेल तर आधी ते करून घ्यावे. विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडेही चौकशी करता येईल. छताखालचे सुटलेले काँक्रीट नुसते गिलाव्याने झाकून वर फॉल्स सीलिंग करणे हा नूतनीकरणातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे, कारण त्यानंतर दुखणे दिसणेच बंद होते.

शेवटी, प्रत्येक अर्जावर नव्याने वाद घालण्यापेक्षा संस्थेने एक छोटी पुस्तिका करावी. लंडनमधील बार्बिकन या १९६५ ते १९७६ या काळात बांधलेल्या गृहसंकुलाला २००१ मध्ये संरक्षण मिळाल्यावर तेथील रहिवाशांसाठी अशी मार्गदर्शिका करण्यात आली. कोणते काम विनापरवानगी करता येते, कशासाठी विचारावे लागते आणि कशाला हात लावायचा नाही हे तिच्यात सांगितले आहे. आपल्या संस्थेची पुस्तिका आठ पानांची झाली तरी चालेल, पण ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी आणि घर विकताना नव्या सभासदाच्या हाती द्यावी.

प्रश्न : आमची साताऱ्यातील इमारत १९६०च्या दशकातील आहे. तिचा साधेपणा मला आवडतो, परंतु पुनर्विकासाचा प्रस्ताव आला आहे. अशी इमारत वारसा म्हणून वाचवता येते का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : येते, पण केवळ वय किंवा आपली आवड पुरत नाही. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींच्या जतनाची तरतूद आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी इमारत स्थानिक प्राधिकरणाच्या यादीत असावी लागते. अशा याद्यांत मंदिरे, वाडे आणि संस्थानकालीन इमारती सहज येतात, काँक्रीटच्या गृहसंस्था क्वचित येतात. याला अपवाद आहेत : मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या, आणि चंडीगडच्या पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत एकेका घराचे तुकडे करून मजलेनिहाय सदनिका पाडण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मनाई केली, त्यामागे शहराच्या वारशाचाच विचार होता.

यादीत नसलेल्या इमारतीचे भवितव्य सभासदच ठरवतात. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाची कार्यपद्धती आहे. ती पाळली जाते आहे ना, हे पाहण्याचा आणि सभेत दुरुस्तीचा पर्यायी प्रस्ताव मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो प्रस्ताव भावनेवर न मांडता संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च यांसह मांडावा. मॉस्कोतील नार्कोमफिन ही १९३० सालची इमारत कित्येक दशके मोडकळीस आलेली होती. तिचे रचनाकार मोइसेई गिंझबुर्ग यांच्या नातवाने, अलेक्सेई गिंझबुर्ग यांनी, तिचा जीर्णोद्धार केला आणि २०२० मध्ये तेथे पुन्हा माणसे राहू लागली. तिच्यापेक्षा आपली इमारत नक्कीच बऱ्या स्थितीत असेल. मात्र परीक्षणात कॉलम व पाया निकामी झाल्याचे निघाले, तर माझा सल्लाही इमारत उतरवण्याचाच राहील. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाचा अनुभव असलेल्या जिल्ह्यात या बाबतीत दुसरे मत असू नये. तसे झाल्यास इमारत पाडण्यापूर्वी तिची मोजमापे घेऊन नकाशे, खिडक्या व जाळ्यांची छायाचित्रे आणि मूळ सभासदांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात.

प्रश्न : गावभागात आमचे तळमजल्यावरचे जुने घर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी आत आले. आता नूतनीकरण करताना काय जपावे? आणि तळमजला मोकळा करून इमारत खांबांवर ठेवणे हा उपाय आहे का?
— एक कुटुंब, सांगली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. नव्या इमारतीत तळमजला मोकळा ठेवणे पुराच्या दृष्टीने उत्तम आहे. उभ्या इमारतीच्या तळमजल्याच्या भिंती काढून ती ‘खांबांवर’ आणणे मात्र कधीही करू नये. वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते कॉलम अशी स्थिती झाली की भूकंपात सगळा हेलकावा त्या एकाच मजल्यावर येतो; २००१च्या भूज भूकंपात अहमदाबादेतील अनेक इमारती याच कारणाने कोसळल्या. नव्या इमारतीतसुद्धा मोकळ्या तळमजल्याचे कॉलम आणि आडवे धक्के पेलणाऱ्या भिंती त्या हिशेबाने मुद्दाम आखाव्या लागतात.

आता घराविषयी. भिंतीवर २०१९च्या पाण्याची रेषा कोठवर आली होती ते आठवून खूण करून घ्यावी आणि सारे निर्णय त्या रेषेवरून घ्यावेत. त्या रेषेखाली जिप्समचा गिलावा, पार्टिकल बोर्ड, भिंतीला कायमचे जखडलेले लाकडी फर्निचर यांपैकी काहीही नको. फरशी मोझेक किंवा शहाबादी असेल तर ती तशीच ठेवावी. पूर ओसरल्यावर ती धुऊन पुन्हा वापरता येते. ओट्याखाली कडप्प्याचे उघडे कप्पे करावेत, लाकडी ट्रॉल्या नकोत. विजेचा मुख्य बोर्ड आणि मीटर रेषेच्या वर घ्यावा, तळाकडची बटणे व प्लग वेगळ्या सर्किटवर ठेवावेत, म्हणजे पाणी येण्याआधी तेवढाच भाग तोडता येतो.

पूर आल्यावर घरात पहिले पाणी दारातून येत नाही. ते शौचालय आणि मोरीच्या नळातून उलटे चढते. यासाठी बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळावर एकदिशा झडप बसवावी आणि ती साफ करता येईल असे चेंबर ठेवावे. हा खर्च रंगाच्या खर्चापेक्षाही कमी आहे, तरी तो सर्वांत शेवटी आठवतो.

भिंती सुकण्याविषयी धीर धरावा. पुरात भिजलेली विटांची भिंत वरून कोरडी दिसू लागल्यावरही आत कित्येक महिने ओली असते, आणि त्यावर घाईने पुट्टी व तेलरंग लावला की ओल कोंडून पांढरे क्षार फुटतात आणि पापुद्रे सुटतात. रेषेखालचा फुगलेला गिलावा काढून भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवावी, मग चुन्याचे प्रमाण अधिक असलेला गिलावा करावा आणि त्यावर चुन्याची सफेदी किंवा श्वास घेऊ देणारा साधा रंग द्यावा. खोली तेवढे महिने थोडी उघडीवाघडी दिसेल. पाहुण्यांना कारण सांगावे. सांगलीत ते कोणालाही समजते.